जपानी ऱ्योकानमध्ये एक रात्र: खर्च, आंघोळीचे नियम, शाकाहार आणि पाण्याची गोष्ट

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या यादीत टोकियो, क्योतो, फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट हमखास दिसते: ऱ्योकानमध्ये एक मुक्काम. गरम पाण्याच्या झऱ्यावर उभी असलेली पारंपरिक जपानी सराई म्हणजे ऱ्योकान. फोटोत लाकडी खोली, बाहेर बर्फ आणि वाफाळणारं कुंड दिसतं. मात्र बुकिंग करायला बसलं की प्रश्नांची रांग लागते. एका रात्रीला इतके पैसे का? संध्याकाळी ठरावीक वेळेच्या आत पोहोचायलाच हवं असं का? अनोळखी माणसांसमोर विवस्त्र होऊन आंघोळ करावी लागते, हे खरं का? आणि शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय?

हे प्रश्न वेगवेगळे वाटले, तरी त्यांची उत्तरं बरीचशी एकाच ठिकाणी सापडतात. ऱ्योकानमध्ये आपण एका घराच्या वेळापत्रकात सामील होतो, आणि तिथलं पाणी सगळ्यांचं सामाईक असतं. या दोन गोष्टी लक्षात घेतल्या की तिथले बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

ऱ्योकान आणि ओन्सेन: दोन वेगळे शब्द

ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा, आणि ऱ्योकान म्हणजे मुक्कामाची जागा. प्रत्येक ऱ्योकानमध्ये ओन्सेन नसतं आणि प्रत्येक ओन्सेनवर ऱ्योकान नसतं. क्योतोसारख्या शहरातल्या अनेक ऱ्योकानमध्ये आंघोळीचं पाणी साधं, तापवलेलं असतं. त्यामुळे झऱ्याचं पाणी हवं असेल तर बुकिंग करताना ते स्पष्ट बघावं लागतं.

ओन्सेन कशाला म्हणायचं, हे जपानमध्ये कायद्याने ठरलेलं आहे. १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार जमिनीतून बाहेर पडताना पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असलं पाहिजे, किंवा त्यात ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी निदान एक पुरेशा प्रमाणात असला पाहिजे. २५ अंश हा आकडा आपल्याला गमतीचा वाटेल, कारण महाराष्ट्रातल्या साध्या विहिरीचं पाणीही अनेकदा इतकं कोमट असतं. जपानचं हवामान थंड, म्हणून तिथली मर्यादा तशी. दुसऱ्या निकषामुळे थंड पण खनिजयुक्त पाण्यालाही ओन्सेन म्हणता येतं. मग ते तापवून वापरतात. अशी सुमारे २७ हजार उगमस्थानं जपानभर आहेत.

गरम झरे आपल्यालाही नवे नाहीत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीजवळचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ अशी कुंडं कोकणपट्टीत ओळीने आहेत. कोकणात पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. जपानमध्ये अनेक ठिकाणी या कामाला ज्वालामुखीची मदत असते, म्हणून तिथल्या पाण्यात गंधक, लोह, आम्ल यांचं प्रमाण बरंच वेगवेगळं आढळतं. गुन्मा प्रांतातल्या कुसात्सुचं पाणी इतकं आम्लधर्मी आहे की त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो. ते उगमाशी पन्नास अंशांहून गरम असतं. थंड पाणी मिसळून त्याचा कस कमी होऊ नये म्हणून तिथे लांब फळ्यांनी पाणी ढवळून निववण्याची जुनी पद्धत आहे. ती आता पर्यटकांनाही दाखवली जाते.

या सराया किती जुन्या आहेत? यामानाशी प्रांतातल्या केइउनकानची स्थापना इ.स. ७०५ ची मानली जाते आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. इशिकावा प्रांतातलं होशी ऱ्योकान आपली सुरुवात इ.स. ७१८ पासून सांगतं. पूर्वी शेतकरी हंगाम संपला की आठवडा-दोन आठवडे झऱ्यावर जाऊन राहायचे आणि दुखरे सांधे शेकायचे. या उपचारमुक्कामाला ‘तोजी’ म्हणतात. आजचा एका रात्रीचा थाट नंतर आला.

इतके पैसे कशाचे?

पहिला घोळ इथेच होतो. हॉटेलचा दर खोलीचा असतो, तर ऱ्योकानचा दर बहुधा माणशी असतो. त्यात ‘एक रात्र, दोन जेवणं’ धरलेली असतात, म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. बऱ्यापैकी ऱ्योकानचा दर माणशी १५ ते ३० हजार येनच्या दरम्यान असतो. नामांकित जागी तो याहून कितीतरी वर जातो आणि आडगावच्या साध्या सराईत खालीही येतो. एका येनला ५५-६० पैसे धरले, तर २० हजार येन म्हणजे माणशी ११-१२ हजार रुपये. जोडप्याला त्याच्या दुप्पट. वर ओन्सेनचा वेगळा स्नानकर लागतो. त्याचा प्रमाणित दर माणशी दिवसाला १५० येन आहे आणि तो स्थानिक नगरपालिकेकडे जातो. बक्षिशी मात्र द्यायची नसते.

या पैशांत सर्वांत मोठा वाटा माणसांच्या कामाचा असतो. ‘नाकाई’ म्हणजे खोलीची देखभाल करणारी बाई. ती चहा आणून देते, जेवण वाढते, तुम्ही जेवत किंवा आंघोळीला गेलेले असताना खोलीत गाद्या घालते आणि सकाळी त्या उचलते. रात्रीचं जेवण म्हणजे दहा-बारा छोट्या पदार्थांची पंगत असते आणि ती त्या दिवशी त्या माणसासाठी रांधलेली असते. म्हणूनच ऐनवेळी बुकिंग रद्द केलं तर बऱ्याच ठिकाणी ८० ते १०० टक्के रक्कम कापली जाते. मासळी, भाज्या आणि माणसांचे तास तुमच्या नावाने आधीच खर्च झालेले असतात.

दुपारी तीन ते सकाळी दहा

ऱ्योकानचा दिवस दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो. तीन ते पाचच्या दरम्यान पोहोचणं उत्तम. आल्यावर चहा आणि गोड वडी मिळते, मग पहिली आंघोळ. सहा-साडेसहाला जेवण. त्यानंतर दुसरी आंघोळ आणि झोप. सकाळी उठून तिसरी आंघोळ, आठच्या सुमारास न्याहारी आणि दहाला खोली सोडायची.

आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊला जेवणाऱ्यांना सहाचं जेवण लवकरचं वाटतं. पण स्वयंपाकी एकामागून एक गरम पदार्थ सगळ्यांना एकाच वेळी देत असतो, आणि जेवण उरकल्यावर त्याच माणसांना गाद्या घालायच्या, भांडी आवरायची आणि पहाटे न्याहारीला उभं राहायचं असतं. दिवसभर स्थळं बघून रात्री नऊला फक्त झोपायला ऱ्योकानवर पोहोचलात, तर ज्याचे पैसे दिले त्यातलं निम्मं हातातून गेलं असं समजा. डोंगरातल्या गावी तर शेवटची बस पाच-सहालाच सुटून गेलेली असते आणि हॉटेलंही बंद झालेली असतात. गाडी चुकली, उशीर होणार असेल, तर फोन करून कळवणं हा तिथला किमान शिष्टाचार आहे. शक्य झालं तर ज्या दिवशी ऱ्योकान, त्या दिवशी दुसरं काही ठेवूच नये.

खोलीत शिरताना

दारातच चपला-बूट काढायचे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पुढे मात्र एक पायरी आणखी आहे. व्हरांड्यात घरातल्या स्लिपर चालतात, पण ‘तातामी’वर, म्हणजे गवताच्या विणलेल्या जाड चटईवर, स्लिपरही चालत नाहीत. तिथे फक्त मोजे किंवा अनवाणी पाय. संडासाच्या स्लिपर वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडून यायच्या. चाकांची बॅग तातामीवरून ओढली तर चटई फाटते, म्हणून ती उचलून कोपऱ्यात ठेवावी. भिंतीत एक उंचावलेला कोनाडा असतो, त्यात चित्राची गुंडाळी किंवा फुलं मांडलेली असतात. त्याला ‘तोकोनोमा’ म्हणतात. तो खोलीतला मानाचा भाग आहे. तिथे बॅगा ठेवणं म्हणजे आपल्याकडे कुणी देव्हाऱ्यात पिशवी ठेवावी तसं.

खोलीत पलंग नसतो. गादी जमिनीवर घालतात. गुडघ्याचा त्रास असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल, तर पलंग असलेली खोली आहे का, हे आधी विचारा. आता बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते.

‘युकाता’ नावाचा सुती झगाही मिळतो. तो घालून आंघोळीला, जेवायला, काही गावांत तर रस्त्यावरही फिरता येतं. नियम एकच: डावी बाजू उजव्या बाजूवर यायला हवी. उलटं नेसवतात ते प्रेताला.

आंघोळ: आधी स्वच्छ, मग पाण्यात

नियमांतला गाभा हा आहे. ओन्सेनच्या कुंडात अंग धुवायचं नसतं. अंग धुऊन झाल्यावर शेकायला म्हणून कुंडात उतरायचं असतं. एकाच पाण्यात दिवसभर पन्नास-शंभर माणसं बसणार असतील, तर दुसरी कुठली पद्धत चालणारच नाही. क्रम असा:

१. स्त्री-पुरुषांच्या दारांवर वेगवेगळे पडदे असतात, बहुधा पुरुषांसाठी निळा आणि बायकांसाठी लाल. अनेक ऱ्योकानमध्ये रात्री किंवा सकाळी ही दोन्ही स्नानगृहं अदलाबदल करतात, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बघायला मिळतात. त्यामुळे काल जिथे गेलात त्याच दारात आज सवयीने शिरू नका, पडदा बघा.

२. कपडे काढायच्या खोलीत टोपलीत सगळं ठेवायचं. सगळं म्हणजे सगळं, पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, तेव्हा पैंजण, जोडवी, साखळी काढून ठेवलेली बरी. मोबाइल आत न्यायचा नाही.

३. आत ओळीने नळ, फवारे आणि बुटकी स्टुलं असतात. स्टुलावर बसूनच साबणाने अंग घासायचं. उभं राहून फवारा सोडला तर शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवायचं आणि स्टूलही धुऊन ठेवायचं.

४. मग हळू पाण्यात उतरायचं. लांब केस वर बांधायचे. बरोबरचा छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. तो डोक्यावर किंवा काठावर ठेवतात. डुबकी मारणं, पोहणं, साबण वापरणं नाही.

५. बाहेर आल्यावर अंग त्याच छोट्या टॉवेलने टिपून मगच कपड्यांच्या खोलीत जायचं, म्हणजे जमीन ओली होत नाही.

पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, काही ठिकाणी त्याहून गरम. पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं पुरेत. भरपेट जेवून किंवा दारू पिऊन लगेच उतरू नये. आधी आणि नंतर पाणी प्यावं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण थंड हवेतून गरम पाण्यात आणि परत थंडीत येताना रक्तदाब झपाट्याने वर-खाली होतो. मासिक पाळीच्या दिवसांत सामाईक कुंडात न उतरण्याचा प्रघात आहे.

लाज वाटत असेल तर?

वाटणारच. वज्रेश्वरीच्या कुंडावर आपण कपड्यांनिशी उतरतो. आई-मुलगी, सासू-सून, दोन मित्र असे एकत्र विवस्त्र बसण्याची कल्पना आपल्या घरांत सहज उतरत नाही. जपानमध्ये लहान मूल आईबापांबरोबर सार्वजनिक स्नानगृहात जातच मोठं होतं, त्यामुळे तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. वेगवेगळ्या वयांची, आकारांची, शस्त्रक्रियांचे व्रण असलेली शरीरं आसपास असतात आणि त्यांचं कुणालाच अप्रूप नसतं. बऱ्याच परदेशी पाहुण्यांचा संकोच पहिल्या काही मिनिटांत ओसरतो तो यामुळे.

तरीही जमणार नसेल, तर मुकाट्याने खोलीत बसून राहण्याची गरज नाही. ‘काशिकिरी’ म्हणजे तासाभरासाठी आपल्याच कुटुंबाला मिळणारं खासगी स्नानगृह. काही ठिकाणी ते मोफत, काही ठिकाणी थोडं शुल्क घेऊन मिळतं. ‘रोतेनबुरो’, म्हणजे उघड्यावरचं कुंड, खोलीलाच जोडलेलं असलेल्या महागड्या खोल्याही असतात. नवरा-बायकोला एकत्र आंघोळ करायची असेल तर हेच दोन पर्याय सोयीचे. गावांत रस्त्याच्या कडेला नुसते पाय सोडून बसायची ‘आशियु’ कुंडंही असतात. त्यांना कपडे काढावे लागत नाहीत आणि बहुधा पैसेही पडत नाहीत. घरातल्या सगळ्यांशी हे बोलून मगच बुकिंग करा. ऐनवेळी दारात उभं राहून वाद घालण्यात संध्याकाळ जाते.

टॅटू आणि आजीचं गोंदण

जपानच्या पर्यटन संस्थेने २०१५ मध्ये देशभरातल्या सुमारे ६०० हॉटेल-ऱ्योकानची पाहणी केली. त्यांतल्या ५६ टक्के ठिकाणी टॅटू असलेल्यांना सामाईक स्नानगृहात प्रवेश नव्हता. १३ टक्के ठिकाणी तो झाकला तर चालत होता. यामागे दोन कारणं आहेत. १८७२ ते १९४८ या काळात जपानमध्ये गोंदवण्यावरच बंदी होती. आणि अंगभर टॅटू ही पुढे ‘याकुझा’ या संघटित गुन्हेगारांची ओळख बनली.

हा नियम सरसकट लावला की अन्याय होतो. २०१३ मध्ये होक्काइदोत आलेल्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे ओन्सेनमध्ये प्रवेश नाकारला गेला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. आपल्याकडच्या अनेक आज्यांच्या कपाळावर, हातांवर हिरवं गोंदण असतं. त्याचा गुन्हेगारीशी संबंध नाही हे आपल्याला ठाऊक, पण दारावरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. म्हणून आधी विचारलेलं बरं. लहान टॅटूवर लावायच्या त्वचेच्या रंगाच्या पट्ट्या मिळतात आणि खासगी स्नानगृहात हा प्रश्नच येत नाही. ह्योगो प्रांतातल्या किनोसाकी गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत तर टॅटूला मनाई नाही.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. ‘मी मासे-मटण खात नाही’ असं सांगितलं की स्वयंपाकी ताटातले माशाचे तुकडे काढतो. पण जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं ‘दाशी’ हे पाणीच वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून केलेलं असतं. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, टोफूवरचा रस, भजीबरोबरची चटणी, सगळ्यात ते असतं. ताटात मासा दिसत नाही, तरी असतो.

म्हणून बुकिंग करतानाच नेमकं लिहावं: मांस, मासे, कोळंबी-शिंपले चालत नाहीत, माशाचं दाशीही चालत नाही. अंडी आणि दूध चालतं की नाही, तेही लिहावं. दाशी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून आणि वाळवलेल्या शिताके अळंबीपासूनही करता येतं, त्यामुळे स्वयंपाक अशक्य नसतो. मात्र त्याची तयारी आदल्या दिवसापासून करावी लागते. काही ऱ्योकान स्पष्ट ‘जमणार नाही’ असं कळवतात. तो नकार प्रामाणिक समजावा आणि दुसरी जागा शोधावी. पोहोचल्यावर सांगितलं तर भात, लोणचं आणि संकोचलेले यजमान एवढंच वाट्याला येतं. त्या लोणच्यातही मासा असू शकतो.

कडक शाकाहारी किंवा जैन कुटुंबांसाठी बौद्ध मठांतली ‘शोजिन’ पाककृती हा चांगला मार्ग आहे. तिच्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळं मात्र असतात, हे जैन मंडळींनी लक्षात ठेवावं. वाकायामा प्रांतातल्या कोया पर्वतावर सुमारे ५० मठ पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात. तिथली शिस्त ऱ्योकानसारखीच असते. दुसरा मार्ग म्हणजे जेवणाशिवाय फक्त मुक्काम घेणं. पण गावात शाकाहारी जेवण मिळेल का, याची खात्री आधी करावी लागते.

पाणी खरंच झऱ्याचं आहे का?

ओन्सेनला जाणाऱ्या जपानी माणसाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. काही ठिकाणी झऱ्याचं पाणी एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने वाहून जातं. याला ‘काकेनागाशी’ म्हणतात. इतर ठिकाणी पाणी कमी असल्याने तेच गाळून, तापवून, क्लोरीन टाकून पुन्हा फिरवतात. दोन्ही कायदेशीर आहेत. प्रश्न येतो तो लपवालपवी झाली की.

२००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने या दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ओन्सेन गावात काही ठिकाणी पाणी पांढरं दिसावं म्हणून स्नानचूर्ण टाकलं जात असल्याचं उघड झालं. देशभर गदारोळ झाला, आणखी प्रकरणं बाहेर आली. पुढच्या वर्षी नियम बदलले. पाण्यात साधं पाणी मिसळतात का, ते तापवतात का, फिरवून वापरतात का, त्यात जंतुनाशक किंवा आणखी काही टाकतात का, याची माहिती लावणं बंधनकारक झालं. कपड्यांच्या खोलीत भिंतीवर दिसणारा पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता नुसता शोभेचा नसतो. मोबाइलवर भाषांतर करून बघायचं असेल तर ऱ्योकानच्या संकेतस्थळावर ही माहिती आहे का, ते शोधा. कपड्यांच्या खोलीत कॅमेरा उघडू नका.

स्वच्छतेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. कोमट, फिरवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि वाफेतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात. २००२ मध्ये मियाझाकी प्रांतातल्या ह्युगा शहरातल्या एका सार्वजनिक ओन्सेनमध्ये याची लागण होऊन सात जण दगावले. २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातल्या एका जुन्या, प्रतिष्ठित ऱ्योकानने कुंडाचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलण्याचा नियम असताना वर्षातून फक्त दोनदा बदलल्याचं उघड झालं. तिथे हे जिवाणू मर्यादेच्या ३,७०० पटींपर्यंत सापडले होते. अशी प्रकरणं मोजकी आहेत, पण ती राष्ट्रीय बातमी का होतात हे समजण्यासारखं आहे. पाहुणा अंग घासून स्वच्छ होऊन येतो तो यजमानही पाणी स्वच्छ ठेवेल या विश्वासावर.

पाणी कुणाच्या मालकीचं?

किनोसाकीची गोष्ट इथे सांगायला हवी. १९२५ च्या भूकंपात आणि आगीत हे गाव जवळपास नष्ट झालं. तिथे पूर्वापार रीत अशी, की पाहुणे ऱ्योकानमध्ये राहत आणि आंघोळीला गावाच्या सामाईक स्नानगृहांत जात. गाव पुन्हा उभं राहत असताना १९२७ मध्ये एका ऱ्योकानने आपल्याच आवारात झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह बांधलं. गावकऱ्यांनी हरकत घेतली. पाणी गावाचं आहे, प्रत्येकाने आपापल्या घरात ओढून घेतलं तर सामाईक स्नानगृहं ओस पडतील आणि झराही आटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद कोर्टात गेला आणि तडजोड व्हायला १९५० साल उजाडलं. ऱ्योकानमध्ये लहान स्नानगृहं चालतील, पण गावाची सामाईक स्नानगृहं मुख्य राहतील, असा मार्ग निघाला. आजही किनोसाकीचे पाहुणे युकाता आणि लाकडी खडावा घालून संध्याकाळी गावातल्या सामाईक स्नानगृहांची फेरी करतात. चित्रांत सुंदर दिसणाऱ्या त्या फेरीमागे पाण्याच्या वाटणीचा असा जुना करार आहे.

कुमामोतो प्रांतातल्या कुरोकावाने वेगळी वाट काढली. आडबाजूच्या या गावाने १९८६ पासून लाकडी पास सुरू केला. एक पास घेतला की गावातल्या कुठल्याही तीन ऱ्योकानच्या कुंडांत उतरता येतं. आख्खं गाव एक ऱ्योकान, रस्ते म्हणजे व्हरांडे आणि प्रत्येक सराई म्हणजे एक खोली, अशी त्यांची कल्पना आहे. एकमेकांचे पाहुणे पळवण्यापेक्षा ते वाटून घेतल्याने गाव सावरलं.

ऱ्योकान कमी का होत आहेत?

१९८० च्या सुमारास जपानमध्ये ८० हजारांहून अधिक ऱ्योकान होती. २०१७ पर्यंत ती ४० हजारांच्या खाली आली. कारणं आपल्या खानावळी आणि जुन्या वाड्यांसारखीच आहेत. पुढची पिढी शहरात गेली, पहाटे पाच ते रात्री दहा राबायला माणसं मिळत नाहीत, लाकडी इमारतींची डागडुजी महाग पडते. टिकून राहिलेली अनेक ऱ्योकान आता परदेशी पाहुण्यांवर बरीच अवलंबून आहेत. त्यामुळे पलंग, खासगी स्नानगृह, शाकाहारी जेवण अशा सोयी वाढत आहेत. आपल्यासाठी ते चांगलंच आहे. पण त्या सोयी माणसं करतात, आणि माणसं तिथे मोजकीच आहेत. गरज आठवडाभर आधी कळवली तर बहुतेक वेळा काहीतरी मार्ग निघतो.

तेव्हा बुकिंग नक्की करण्याआधी एक ईमेल पाठवून चार गोष्टी विचारून घ्या: आमचं जेवण असं असं आहे, ते जमेल का? खासगी स्नानगृह आहे का आणि ते आधी राखून ठेवावं लागतं का? टॅटू किंवा गोंदण चालतं का? आणि स्टेशनवरून शेवटची गाडी किती वाजता आहे? अनेक ऱ्योकान ठरावीक गाडीला स्टेशनवर आपली व्हॅन पाठवतात. ती कोणत्या वेळेची, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.